कळ काढ

७ जानेवारी २०२५, मंगळवार
सकाळचे सहा चाळीस. पार्थची दुपटी पिळत होतो. आत तो रडत होता आणि राजनंदिनी त्याच्याशेजारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ऐकू येतं तिला — वाटी पडली तरी दचकते. बाळंतपणाला तीन महिने होत आले.
आई तिला चहा घेऊन गेली. "पहिलटकरनीला व्हतंच असं. जरा कळ काढ, बाई."
राजनंदिनी उठली ती अनवाणीच मागच्या दाराने बाहेर. हौदाला टेकून उभी! आई म्हणाली, "मी काय वंगाळ बोलले?"

९ जानेवारी
शेजारच्या गोजरबाईंनी लिंबू उतरवलं. "बाहेरचं हाय." ते चौकात टाकायला मीच गेलो. मूर्ख!

११ जानेवारी, शनिवार
दवाखाना. आमचा नंबर लांबचा. कंपाउंडर म्हणाला, "ताई, जरा कळ काढा." तिने पार्थला अनोळखी बाईच्या मांडीवर ठेवलं आणि हायवेकडे चालू लागली. ट्रक येत होता. कसाबसा हात धरला.
डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. मी विचारलं, मनाचं काही असेल का? हसले. "मनाचं औषध म्हणजे नवरा! जरा फिरवा बायकोला." बाकावरचे सगळे हसले. मीसुद्धा हसलो. का हसलो?

१२ जानेवारी
आज विचारलं — ते दोन शब्द ऐकले की काय होतं तुला? म्हणाली, "तेच चाललं होतं तिथं. पाय दाबून धरले. ओरडले की तोंडावर हात. टाके घालतानासुद्धा. कळ काढ, कळ काढ."
पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, केडगावला. मी इथे मिरजगावात दुकानात पेंडीची पोती उतरवत होतो. संध्याकाळी पेढे वाटले!
तिथल्या दवाखान्यातल्या त्या नर्सला सोडणार नाही. तक्रार करणार.
आईला बजावलं, ते शब्द घरात नकोत. "आता बोलायचं बी न्हाई व्हय?" पण मग पार्थ रडू लागला तेव्हा "जरा क—" म्हणून अडखळली. "जरा दम धर," म्हणाली. जीभ चावल्यासारखं तोंड केलं. राजनंदिनी किंचित हसली.

२१ जानेवारी, मंगळवार
नगर. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांसाठी ओपीडी असते. इतक्या शहाण्यांपैकी एकानेही सांगितलं नाही, हेल्पलाईनवर कळलं. समुपदेशक बाईंनी मला बाहेर बसवलं. राजनंदिनी पुष्कळ वेळ आत होती. आली तेव्हा डोळे सुजलेले, पण पार्थला स्वतःहून माझ्याकडून घेतलं.
"बाळंतपणानंतर होतं असं अनेकींना. बरंही होतं. येणं मात्र थांबवू नका," बाई म्हणाल्या. दोन आठवड्यांनी परत. एवढं साधं बोलायला गावात कोणाला काय झालं होतं?

२३ जानेवारी
गावभर झालं — येड्यांच्या डॉक्टरकडे नेली! केडगावहून सासूबाई आल्या. "माझी राजू येडी न्हाई, जावईबापू. माझ्या हाताखाली राहू द्या, चार दिसांत उभी करते. आमी काय बाळंतपनं केली न्हाईत?"
मला पटलं. दवाखाना तिथून जवळ. काम नाही, गावाची तोंडं नाहीत. आईजवळ पोरीला बरंच वाटेल.
राजनंदिनी पार्थच्या टोपीची नाडी बांधत होती, सोडत होती. बॅग मी भरली.

२८ जानेवारी
फोन केला. सासूबाईंनीच घेतला. "झोपलीय. आरामात हाय. तुमी नका काळजी करू."

४ फेब्रुवारी, मंगळवार
ओपीडीतच भेटली. माहेरी न सांगता पार्थला घेऊन रिक्षाने एकटी आली होती. या वेळी मलाही आत बोलावलं. मी तक्रारीचा अर्ज टेबलावर ठेवला — एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही.
राजनंदिनीने वाचला. "नर्स नव्हती, अहो. माझी आई होती."
'धरले' एवढंच म्हणाली होती ती. कोणी, ते मीच ठरवलं.
आणि तिथेच पाठवली. आरामाला.