पान नऊवरची चूक

शनिवार, १४ जून

प्रिय चिमणे,

नमस्कार. बरी आहेस ना? गुडघा काय म्हणतोय?

समोरासमोरच्या टेबलांवर बसतो आणि ही बया पत्र लिहिते, म्हणून हसशील. हस बापडी. गुरुवारपासून तू माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस, आणि वसतिगृहात मला 'बडबडी' नाव दिलंस तेव्हापासून तुझा अबोला मला सोसत नाही.

विभागातला पंखा पुन्हा कुरकुरतोय. शेवटच्या वर्षाचे सगळे प्रोजेक्ट कपाटात रचून झाले. एकच टेबलावर राहिलाय, खोडरबरचा.

तिचं हे नावही तुझंच, लिहिते त्याहून जास्त खोडते म्हणून. वर्षभर पोरगी एकटीच त्या प्रश्नाच्या हात धुऊन मागे लागली होती: शेजारच्या भागांना सारखा रंग न देता, कुठले नकाशे तीनच रंगांत रंगवता येतात? आणि गुरुवारी तोंडी परीक्षेत आपल्यासमोर उभी राहून काय म्हणाली? "पान नऊवर चूक आहे. तिथून पुढचं सगळं पडतं." लगेच फळ्यावर असा एक नकाशा काढला, की प्रोजेक्टमध्ये तिने सिद्ध केलेला नियमच मोडावा. तू गारच पडलीस. तू वाचलं होतंस, मी तर तीनदा वाचलं होतं. कुणालाच दिसली नव्हती ती चूक!

तुझं म्हणणं कळतं गं मला. "सिद्धताच उरली नाही, तर गुण कशाचे? सरळपणाचे?" मी वाद घातला, नाही असं नाही. पण तुझा आवाज चढला, मी दमले होते, आणि तुझ्याशी भांडणं जिवावर आलं. पन्नासवर सही करून मोकळी झाले. पन्नासवर तिला पुढे शिकायला कुणी घेणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं. आणि वर तुलाच जिन्यात म्हणाले, "तुला काळीज नाही." तुला म्हणे! आणि मला होतं?

एक गोष्ट तुला सांगितली नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. तोंड एवढंसं झालेलं. चूक तिला तेव्हाच सापडली होती. "मॅडम, सांगू, की गप्प बसू?"

मी म्हणाले, "सांग. स्वतःची चूक शोधणं हेच तर गणित. आणि मी आहे ना."

मी आहे ना! आठवलं की तोंड कुठे लपवू असं होतं.

काल ती पुस्तकं परत द्यायला आली. वाटलं, रडेल, नाहीतर चिडेल. ती माझीच समजूत घालायला लागली. "तुमचा काही दोष नाही, मॅडम. मला कळलं आता. पुढच्या वेळी गप्प बसेन."

चिमणे, वर्षभर राबून आपण तिला हे शिकवलं.

सोमवारी निकाल वर जातो. गुण बदलायचे तर दोघींची सही लागते. बदलाचा कागद सोबत आहे, पासष्टचा. माझी सही केली आहे. पटलं नाही तर खुशाल फाड. पण मग तिला बोलावून दोघींनी मिळून सांगू, की तू गप्पच बसायला हवं होतंस. माझ्या एकटीच्याने ते सांगवणार नाही.

जिन्यात बोलले त्याबद्दल माफ कर.

तुझीच,
नेमकी तेव्हा गप्प बसलेली
बडबडी