कॅसेटमधले तुम्ही

अहो बेबीचे बाबा,

नाही नाही, नवीन कुणी गेलेलं नाही. ती सगळी माणसं तुमच्यासाठीच आली होती. जिन्यात चपलांना जागा नाही, बायका डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून बसलेल्या, प्रत्येकीच्या डब्यात पिठलं-भात. आणि तुम्ही आपले भिंतीवर चंदनाच्या हारातून बघताय, की हे काय चाललंय! तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि लोक भेटायला आत्ता येऊ लागलेत.

म्हणून लिहायला बसले. एवढी माणसं तुमच्या नावानं रडून गेली, आणि तुम्हाला त्यातलं एकही ओळखीचं नाही. सांगायला नको का?

सगळं तुमच्या टेपपासून सुरू झालं. आठवतो ना? सिकंदराबादच्या रेल्वे ऑफिसातून आलात की आधी त्याच्यावरचा माझ्या हातचा भरतकामाचा रुमाल काढायचा, फुंकर मारायची, मग हातपाय धुवायचे. "बटणाला हात लावू नकोस, तुला कळायचं नाही." आणि मी काही बोलायला लागले की, "यमे, रेडिओ बंद कर." टेप चालू, मी बंद. असा आपला संसार!

तुम्ही पेपर वाचून सांगायचात, आता बाजार खुला होणार, बाहेरच्या कंपन्या येणार, सगळं पाकिटात मिळणार. अगदी बरोबर बोललात. पण एवढं बरोबर बोलून लगेच जायची काय गरज होती?

तुम्ही गेल्यावर मी येसर करून विकायला लागले. गावाकडच्या लग्नात ज्याच्या आमटीसाठी तुम्ही पुन्हा पुन्हा वाटी पुढं करायचात, तेच. डाळी, बाजरी, धने, मिरच्या भाजायच्या, दळायच्या, पुड्या बांधायच्या. पिशवी घेऊन हैदराबादची कोठी पालथी घातली, सुलतान बाजार पालथा घातला. जुन्या मराठी घरांतल्या बायका म्हणायच्या, "आता टीव्हीत दाखवतात ते पाकीट मिळतं की." आणि पुण्या-मुंबईकडून कंप्युटरवाल्या नवऱ्यांबरोबर आलेल्या नव्या पोरी विचारायच्या, "काकू, हे दुधातून घ्यायचं का?" दुधातून! तुम्ही असता तर चहा नाकातून आला असता.

ज्या घ्यायच्या त्या परत यायच्या. "काकू, गुठळ्या झाल्या." होणारच, उकळत्या पाण्यात टाकल्यावर. दारोदार सांगून सांगून माझा घसा बसला. तेव्हा बेबी कॉलेजातून आली नि म्हणाली, "आई, एकदाच टेपमध्ये बोल ना. मी रेकॉर्डचं बटण दाबते." मी तुमच्या फोटोकडं बघितलं. तुम्ही काही बोलला नाहीत. मी तो होकार धरला.

"बाई गं, आधी थंड पाणी घे," अशी ती पहिली कॅसेट. गुठळ्यांचं काम दोन वाक्यांत संपलं. पण बेबीनं बटण काही सोडलं नाही, आणि मी कुठली थांबते! मग सांगितलं, आमचे हे आमटी कशी पितात. फुर्रकन आवाज करून. वर बोट चाटतात आणि म्हणतात, "यमे, आज लई जमलीय!"

डोळे वटारू नका. मला ठाऊक आहे, तुम्ही जन्मात तसं म्हणाला नाहीत. तुमचं आपलं ठरलेलं, "मीठ बघ जरा." पण कॅसेट माझी होती ना?

पुडीबरोबर कॅसेट द्यायची आणि ऐकून परत आणा म्हणायचं. परत द्यायला आल्या की दारातच विचारायच्या, "काकांचं पुढं काय झालं?" घरात पुडी अर्धी शिल्लक, तरी बाई दारात! तेव्हा मला कळलं, या येसरासाठी येत नाहीत, तुमच्यासाठी येतात. तुम्ही! ज्यांना आपली भाजीवालीसुद्धा नावानं ओळखत नव्हती!

कोठीतले सलीमभाई आठवतात? तुम्हाला गाणी भरून द्यायचे ते. त्यांच्याकडं मी कॉपी करायला जायला लागले. त्यांना मराठी निम्मी कळायची, पण ऐकत बसायचे. एक दिवस म्हणाले, "अम्मा, किस्सा पूरा कायकू कर देतीं आप? आधेपे छोडो ना. बाकी का अगली पुडी के साथ."

मी म्हटलं, "लोकां गाली देंगे, सलीमभाई."

"हौ, देंगे. मगर गाली देने कू भी आपकेच दरवाजे पे आएंगे."

तसंच केलं. लोणच्याच्या बरणीत तुमचा हात अडकवून ठेवला आणि कॅसेट संपवली. पुढचे दिवस बेल थांबेना!

दुसरी युक्ती मात्र माझी स्वतःची हं. कुणी काही विचारलं की पुढच्या कॅसेटमध्ये नाव घेऊन उत्तर द्यायचं. "मलकपेटची वंदना, तुझ्या सासूबाईंना तिखट चालत नाही ना, मग थोडं ओलं खोबरं घाल." झालं! वंदनाला कॅसेट हवी, तिच्या बहिणीला हवी, आणि सासूला तर सगळ्यांच्या आधी हवी, आपल्याबद्दल काय बोलले ते बघायला. कॅसेट न्यायला आलेली बाई रिकाम्या हातानं थोडीच जाते?

आणि 'विकत घ्या' असं मी एकदाही म्हटलं नाही. फक्त म्हणायचे, "आता पुडी उघड, वास घे. मी थांबते." आणि खरंच थांबायचे. बेबी कुजबुजायची, "आई, टेप वाया चाललीय!" मी म्हणायचे, चालू दे. ज्या बाईच्या घरात पुडी नाही ना, ती त्या शांततेतच चप्पल पायात घालते.

कसं वाटलं? म्हणे कळायचं नाही तुला!

हो, आता तुम्ही ते विचारणार. सगळं खरं, पण मी कॅसेटमध्ये जिवंत कसा?

पहिल्या वेळी तोंडातून तसं निघून गेलं, बस. पुढं मात्र मुद्दाम. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू सहज बोलून गेल्या होत्या, "वास छान आहे गं यमुना, पण लग्नाकार्याला तुझ्या हातचं कसं न्यावं?" कळलं ना? आणि येसर तर मुळात लग्नाचंच. मी वर आले, आरशात बघितलं. मग मनात आलं, कॅसेटला कपाळ थोडंच असतं! दारात येणाऱ्या नव्या पोरी स्वतःच टिकली लावत नाहीत, त्या माझ्या कपाळाकडं कशाला बघतील? लांबच्या जुन्या घरांतला माल सलीमभाईंच्या दुकानातून जायचा. तिथल्या बायकांनी माझं तोंडच बघितलेलं नाही, फक्त ऐकलेलं.

त्या दिवसापासून तुम्ही जरा जास्तच जिवंत झालात. वाळत घातलेले पापड चोरायला लागलात. चुकीच्या बसमध्ये बसून चारमिनारला पोचायला लागलात. एकदा तर मला गजरा आणलात. गजरा! स्वतःच्या कॅसेटवर मी स्वतःच लाजले.

लग्नाच्या ऑर्डरी यायला लागल्या. आणि एका रविवारी सिकंदराबादच्या कुलकर्णीबाई थेट घरीच आल्या, लेक मेघनाला घेऊन. तिचंच लग्न. त्या जिन्यात बोलत होत्या तोवर बेबीनं तुमच्या फोटोवर टॉवेल टाकला. ओला होता हो, हाताला तोच लागला तिच्या. मी पदर कपाळावर ओढला.

"काका कुठायत?" बसायच्या आधीच कुलकर्णीबाईंनी विचारलं.

"ड्यूटीवर," बेबी म्हणाली.

"रविवारी?"

"रेल्वेला कुठला आलाय रविवार, काकू!"

तुमचीच लेक! खोटं बोलताना कान लाल होतात, तेही तुमच्यासारखेच.

मेघना म्हणाली, "काकू, मला तरी सांगा ना, बरणीतून हात निघाला का त्यांचा?" मी हसले, चहा टाकला. कप हातात दिले तशा कुलकर्णीबाईंनी पर्समधून अक्षता काढल्या. "पंगतीची आमटी तुमचीच. पण मुहूर्ताचं पहिलं हळकुंडही तुम्हीच कांडायचं. आणि लग्नाला जोडीनं यायचं हं. काकांना मी पहिल्या पंगतीत बसवणार आहे."

अहो, मी तुम्हाला चोऱ्या करायला लावल्या, चारमिनारला पाठवलं, पण पंगतीला तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. माझा हात अक्षतांसाठी पुढंच होईना. मुहूर्ताचं हळकुंड सवाष्णींनी कांडायचं असतं. पुडी विकायला थाप मारणं वेगळं, आणि ती थाप एका पोरीच्या हळदीत कालवणं वेगळं. मोठ्या लग्नाची ऑर्डर होती, तिच्या मागून आणखी दहा घरं आली असती. पण मी उठले आणि टॉवेल काढला.

"हे आमचे हे," म्हटलं.

चहा तसाच राहिला. कुलकर्णीबाईंनी अक्षता पर्समध्ये परत ठेवल्या आणि निघाल्या. मेघना जिन्यातून वळून वळून तुमच्याकडं बघत होती.

"गेलं सगळं, आई," बेबी म्हणाली.

मी म्हटलं, गेलंच आहे तर नीट घालवू. त्या दिवशी बटण मी दाबलं, माझ्या बोटानं. सांगितलं, बायांनो, बरणीतला हात आता निघायचा नाही. आमचे हे नाहीत. पहिल्या कॅसेटच्या आधीच गेले. ऑफिसातून आले, टेपवरचा रुमाल काढायला हात पुढं केला आणि तिथंच बसले. राग आला असेल तर माझी पुडी घेऊ नका.

सलीमभाई आधीपासून जाणून होते. म्हणाले, "पक्का, अम्मा? धंदा बैठ जाएगा."

"बैठने दो."

कॅसेट गेली आणि बेल मुकी झाली. मी भाजत होते, दळत होते, पुड्या बांधत होते, न्यायला कुणी नाही. वाटलं, सगळा डोलारा तुमच्या जिवावर उभा होता, तुम्हाला काढलं नि बसला खाली.

मग एका सकाळी बेल वाजली. मलकपेटची वंदना आणि तिची सासू. दोघी पांढऱ्या साडीत. सासूच्या हातात डबा. आत आल्या, तुमच्या फोटोसमोर बसल्या. डबा खाली ठेवून सासू म्हणाली, "आम्हाला कळवायचं नाही होय? आमच्या घरातलंच माणूस होतं."

मग रीघच लागली! कुणी विचारतंय, शेवटी फार त्रास झाला का हो? कुणी रडता रडता माझ्यावरच चिडतंय, "बरणीच्या किश्शाला मी पोट धरून हसले हो, मला काय माहीत!" आणि डबे तर किती! ज्या बाईकडून येसर नेतात, तिच्या घरी चूल पेटली नसेल म्हणून पिठलं! बहुतेकींच्या पिठल्यात मीठ कमी होतं. तुमची आठवण आली.

भेटायला आलेल्यानं जाताना 'येते' म्हणायचं नसतं. म्हणून नुसत्या उठायच्या, दारात घुटमळायच्या आणि हळूच विचारायच्या, "पुडी आहे का हो एखादी?"

तुम्ही खरे गेलात तेव्हा आठवतंय? शेजारची लक्ष्मम्मा पप्पू-भात, त्यांचा वरण-भात, घेऊन आली, ऑफिसातले थोडे लोक आले, गावाकडची माणसं गाडी मिळेल तशी आली. खोली अर्धी रिकामी होती. इतक्या वर्षांच्या हैदराबादेत आपलं माणूस म्हणावं असं हेच का एवढं? ते मला फार लागलं होतं, कधी बोलले नाही. आता बघा! जिना भरला तुमच्यासाठी. आणि तो मी भरला, या तोंडानं.

कुलकर्णीबाईपण आल्या. "घरी जाऊन रडले हो. रागानं नाही, काका गेले म्हणून." "आमटी तुमच्याच हातची," म्हणाल्या. "हळकुंडाचं मात्र... सासरची माणसं असतील, मला धीर होत नाही." मी म्हटलं, "तुम्ही मुसळ उचला, मी पातेलं उचलते." हसल्या बिचाऱ्या.

पण दुसऱ्या दिवशी मेघना एकटीच आली. रुमालात हळकुंड बांधून. "काकू, एवढं कांडून द्या. मी त्यात गुपचूप मिसळणार." तुमच्यासमोर बसून खलबत्त्यात कांडलं. काल लग्न झालं. पोरगी काय पिवळी दिसत होती! आणि आमटीला लोक वाटीवर वाटी मागत होते, तुमच्यासारखी.

आता सगळ्या विचारतायत, पुढची कॅसेट कधी? आणि काकांशिवाय नको म्हणतात.

तर ऐका, वचन देते. आता कॅसेटमध्ये खरे तुम्ही येणार. गजरा न आणणारे, मीठ बघ म्हणणारे, बटणाला हात लावू न देणारे. थट्टा करीन, ती सुटायची नाही माझी. पण खोटं कौतुक तुमच्या तोंडी घालणार नाही. आणि टेपवरचा रुमाल रोज झटकीन.

एक राहिलं. मघापासून टाळतेय. वंदनाची सासू म्हणाली, "आज ते असते तर किती खूश झाले असते." मी मान हलवली. पण अहो, तुम्ही असता तर यातलं काहीच झालं नसतं. तुम्ही रेडिओ बंद कर म्हणाला असता आणि मी केला असता. आज देवानं विचारलं ना, हे सगळं देऊन टाक, नवरा परत देतो, तर मी लगेच हो म्हणणार नाही. विचार करायला वेळ मागीन.

तुमचीच,
यमुना