टॉवेलवरचा लॅपटॉप

३ मार्च, मंगळवार

धाकटीला लॅपटॉपच हवा! किती समजावलं — डेस्कटॉप घे, त्यातला प्रोसेसर दांडगा असतो. "दादा, दांडगा घेऊन मी काय कुस्ती खेळू?" म्हणाली आणि फोन आईच्या हातात कोंबला.

परगावच्या एका कचेरीने तिला बोलावलंय. घरांचे नकाशे काढायचं काम. अट एकच, लॅपटॉप आपला आपण आणायचा. आणि भाऊ जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानात! वर्षभर राबलो म्हणून मालक एक मशीन देतोय. एकच. शनिवारी गावाकडे पार्सलची गाडी जाते.

ती गेली की आई एकटी. आईला अधूनमधून भोवळ येते. मग तिच्यापाशी कोण? मीच! दुसरं आहे कोण? आणि इथे मालक पुढच्या महिन्यात नवं दुकान काढतोय, तिथलं तपासणीचं टेबल माझ्या हाती देणार. आठवीत शाळा सोडलेल्याला असं परत कोण विचारतं?

डेस्कटॉप काखोटीला मारून कुणी परगावी जात नाही.

४ मार्च

दुपारी दोन्ही मशीन शेजारी-शेजारी लावली. प्रोसेसरचं नाव एक, पिढी एक, फरक शेवटच्या अक्षराचा. गिऱ्हाईक तिथेच गंडतं. घराचं एकच चित्र दोघांना रंगवायला दिलं.

सुरुवातीला लॅपटॉप हटेना! खांद्याला खांदा. मग तापला. पंखा केकाटायला लागला, वेग उतरला. डेस्कटॉप आपला ढिम्म. त्याला वीज दुप्पट-तिप्पट, पंखा थोरला, पेटीत हवा खेळती. तापायचं कारणच नाही. शेवटी तोच जिंकला.

पण लॅपटॉप दमला तरी बसला नाही. नकाशाच्या कामाला पुरून उरेल.

नेमकं हेच नको होतं.

मालक गिऱ्हाइकाला फक्त सुरुवातीची दौड दाखवतो. "तापायच्या आत पावती फाडायची," म्हणतो. मला उलटं करायचंय.

५ मार्च

केलं.

लॅपटॉपखाली दुमडलेला टॉवेल सारला. पोटाची जाळी बुजली की त्याला श्वास कुठला? पाच मिनिटांत गळाठला. डेस्कटॉपचं चित्र पुरं झालं तेव्हा याचं छप्परसुद्धा रंगलं नव्हतं. सगळं मोबाइलवर घेतलं.

शेजारच्या टेबलावरचा पेचकस — सगळे त्याला हेच म्हणतात — बघत होता. "अरे, त्याला आंघोळ घालतोयस की मारतोयस?"

"तुझं काम कर."

"बरं बाबा. पण मरताना पाणी तरी पाज!"

व्हिडिओ जरा हललाय. तरी पाठवला. खाली लिहिलं — बघ तुझा लाडका.

६ मार्च

सकाळपासून उत्तर नाही. पाहिलाय, निळ्या खुणा दिसतात. एका गिऱ्हाइकाच्या मशीनचा स्क्रू उलटा पिळून मोडला. मालक ओरडला. कानात शिरलंच नाही.

संध्याकाळी एक ओळ आली.

"दादा, खाली टॉवेल का?"

मीच शिकवलं होतं तिला! मागे तिने मैत्रिणीचा लॅपटॉप आणला होता तेव्हा — गादीवर ठेवू नकोस गं, गुदमरतो तो.

मी लिहिलं, टेबलाला ओरखडे पडतात म्हणून. गाढव! टेबल लोखंडी, आणि व्हिडिओत चक्क दिसतंय!

वाचून ती लगेच ऑफलाइन गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं.

७ मार्च, शनिवार

गाडी दारात. पेचकस दोरी घेऊन उभा. "बोल लवकर, कुठला बांधू? ड्रायव्हर हॉर्न वाजवून डोकं उठवतोय!"

लॅपटॉपवर हात ठेवला होता मी. खरंच ठेवला होता.

मग आईचा विचार आला — असं लिहिणार होतो. नाही. टेबलाचा आला. नव्या दुकानातल्या टेबलाचा.

"डेस्कटॉप," म्हटलं.

पेचकसने एकदा माझ्याकडे बघितलं. गाठ मात्र पक्की मारली.

११ मार्च

धाकटी फोनवर येत नाही. आई म्हणते, कामात आहे. कसलं काम? आणि आईचा आवाज इतका खुशीत कशाने?

रात्रीचं जेवण गेलं नाही.

१६ मार्च

आईचा फोन. "खोकं आलं रे. दोघांनी उचलून आत ठेवलं. फ्रिज पाठवलास की काय?"

म्हटलं, धाकटीला दे, कसं जोडायचं ते सांगतो.

"ती कुठली आता? परवाच गेली. मीच गाडीत बसवून दिली."

"लॅपटॉपशिवाय?"

"मी केला कचेरीत फोन. पोरीपाशी नाही, तुमच्याकडे एखादा पडून असेल तर द्या म्हटलं. दिला त्यांनी. विचारायला काय जातं!"

मी टेबलावरचा तो टॉवेल ओढून बाजूला सारला.

"तो तुझा व्हिडिओ मीपण बघितला," आई म्हणाली. "भिऊ नकोस, तुला नाही बोलावणार. शेजारीण येते रात्रीची सोबतीला." खोकं फाडल्याचा आवाज आला. "बरं, आता सांग — ही जाडी वायर कुठे खुपसायची?"