गाडीचं पाणी

४ मार्च, सोमवार

तपकिरी! महिन्यापूर्वी इंजिन थंड ठेवायला पोपटी कूलंट भरून घेतलं होतं, आज टाकीत गटारासारखं गढूळ काहीतरी. तेही आईला डायलिसिसला न्यायच्या दिवशी. पोचलो कसेबसे. पण आठवड्याला तीन खेपा आहेत. इंजिन तापून भर रस्त्यात गाडी बसली तर आईला घेऊन मी जाऊ कुठे?

तेव्हा कूलंटचा होज पाइप त्या चष्मेवाल्या मिस्त्रीनेच बदलला होता. त्यानेच काहीतरी भिकार भरलं असणार. उद्या बघतेच त्याच्याकडे!

५ मार्च

मिस्त्रीशी कडाक्याचं भांडण. तो आपला थंड. "ताई, आधी बघू तरी द्या." ऑइलची पट्टी काढून पुसली, पांढरं फडकं टाकीत बुडवून बोटांत चोळलं. "दुधाळ असतं तर ऑइल मिसळलंय म्हणालो असतो, मग इंजिनच खोलावं लागतं. हा गंज आहे. नळाचं पाणी पडलंय यात."

माझ्याशिवाय बॉनेटला कोणी हात लावत नाही, म्हटलं. तर म्हणे, "मग तुम्हीच टाकलं असेल." तळपायाची आग मस्तकात गेली!

वर मला शिकवतो — "पाणी म्हणू नका, कूलंट म्हणा." आमच्या घरी पाणीच म्हणतात! बाबा टॅक्सी चालवायचे तेव्हा गाडीला पाणी पाजल्याशिवाय निघायचे नाहीत. आई डबा एका हातात आणि पाण्याचा कॅन दुसऱ्या हातात घेऊन दारात उभी असायची. होज बदलल्यावर पहिले काही दिवस मीही रोज तेच करवादत होते — पाणी कमी होतंय, पाणी कमी होतंय.

आईला यातलं काही सांगितलं नाही. तिच्या जिवाला आणखी घोर नको.

६ मार्च, बुधवार

सकाळीच सगळं धुऊन नवं कूलंट भरलं. पुन्हा पोपटी.

तिकडे दवाखान्यात नर्सबाईंनी मलाच झापलं. "दोन दिवसांत अंगात पाणी साठून वाढायला हवं तेवढं आईंचं वजन वाढलंच नाही. ठरवून दिलेलं पाणी तरी देता ना?" देता ना म्हणजे? रोज सकाळी बाटलीवर खुणेपर्यंत मोजून भरून देते मी! संध्याकाळी बाटली रिकामी असते. काय समजतात या मला? आई पलंगावर डोळे घट्ट मिटून.

९ मार्च

रंग फिका वाटतोय. की मलाच भास होतोय?

११ मार्च, सोमवार

भास कसला! पुन्हा गढूळ. आईला दवाखान्यात सोडून तडक गॅरेज गाठलं. मिस्त्री गाडीखाली शिरला. होज पाइपच्या खालच्या क्लिपजवळ थेंब थेंब गळतंय. "क्लिप चुकली माझी, कबूल. पण ताई, गळतंय आणि टाकीतली पातळी तसूभर हलत नाही. म्हणजे कोणीतरी रोज भरतंय."

कोणीतरी! दर रविवारी गाडी कोण नेतं? दादा!

दुपारी त्याच्या दुकानात जाऊन धडाधड बोलले. "अगं, मी बॉनेट उघडलंसुद्धा नाही, आईशपथ!" आईची शपथ घेतो! लाज नाही! आईला एकदा न्यायला ये म्हटलं की याला कामं आठवतात, आणि गाडीची वाट लावायला वेळ आहे. म्हटलं, किल्ली दे. आणि आईला बघायला येशील तेव्हा बसने ये. त्याने किल्ली गल्ल्यावर ठेवली. आणि गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचाच जास्त राग आला.

१३ मार्च

दादाचा फोन. उचलला नाही.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी खिडकीतून पाहिलं. गाडीचं बॉनेट वर, आणि आई. एका हाताने बंपर धरलेला, दुसऱ्या हातात तिची खुणेची बाटली. निम्मी टाकीत ओतली, झाकण घट्ट लावलं, पदराने पुसलंसुद्धा.

मी धावत खाली. "आई, हे काय करतेस!"

"ओरडू नकोस गं. तूच म्हणत होतीस ना, पाणी कमी होतंय. माझं निम्म्यात भागतं. ती थांबली तर मला कोण नेणार?"

ओठ कोरडे पडलेले तिचे. बाटली तिच्या तोंडाला लावली. मग दादाला फोन केला. त्याने उचलला. म्हटलं, "दादा, चुकलं माझं. किल्ली घेऊन जा."