चौदा वह्या आणि एक कोरे पान

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, न्यायालयातून निवृत्त झालेली लघुलेखिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता करत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला; तो कलम तीनमध्ये आहे. डॉक्टरांनी मला दोन-तीन महिने दिले आहेत. आमदारांनी आजवर दिलेल्या मुदतींपेक्षा ही मुदत मला जास्त भरवशाची वाटते.

१. राहते घर मुलगा आणि सून यांना समाईक मिळावे. अट एकच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुढची खोली आमच्या नागरिक मंडळासाठी उघडी राहील. मंडळ पूर्वी वाचनालयात भरत असे. तिथे आम्ही आमदारांसाठी एक खुर्ची मोकळी ठेवायचो, त्यांचे एकेक आश्वासन तारखेसह मोठ्याने वाचायचो आणि उत्तरासाठी मिनिटभर थांबायचो. पाच वर्षांत त्या खुर्चीने जेवढे उत्तर दिले तेवढेच आमदारांनी विधानसभेत दिले. मग वाचनालयाच्या छपराला अचानक दुरुस्ती लागली, तीही आमच्याच खोलीपुरती. मुलगा म्हणतो, "आई, घरात राजकारण नको." त्याला सांगणे आहे की हे राजकारण नाही, उजळणी आहे.

२. चौदा वह्या सुनेला. आमदारांचे प्रत्येक जाहीर भाषण त्यांत लघुलिपीत आहे, खोकला आणि टाळ्यांसकट. टाळ्या फक्त पहिल्या रांगेच्या असतील तर तसेही लिहिले आहे. चाळीस वर्षांत माझ्या खुणा इतक्या माझ्याच झाल्या की दुसऱ्या कोणाला त्या लागत नाहीत. आमदारांना हे ठाऊक आहे, म्हणून हल्ली ते माझ्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करतात. सून गेली दोन वर्षे रोज दुपारी माझ्याकडे त्या खुणा शिकते आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नाही.

३. माझे धाकटे दीर आमदारांचा उजवा हात समजले जातात. गेल्या महिन्यात ते फळे घेऊन आले. "वहिनी, त्या वह्या आमच्या हवाली करा. साहेब तुमच्या नावानं संग्रहालय काढतायत."

"आधी साहेबांना एक वही वाचून दाखवू का, भावोजी?" मी विचारले. भावोजींना एकदम काम आठवले. जिवंतपणी ऐकायच्या नाहीत आणि मेल्यावर काचेत ठेवायच्या, असा हा मान. त्यांना मी आमदारांचे गेल्या निवडणुकीतले प्रचारपत्रक चौकटीत घालून देते. त्यावरच्या फोटोची हकिगत पुढे आहे.

४. सरकारी दवाखान्यातला प्रसूती विभाग बंद पडला, तेव्हा आमदार एकदाच, न कळवता, वाचनालयात आले आणि त्या खुर्चीत बसले. आम्ही सगळ्यांनी अक्कल गहाण ठेवली. शिंपीदादांनी खुर्ची पुसली. मुख्याध्यापकांनी दहा प्रश्नांचा कागद खिशात घातला. आणि मी, जन्मभर न्यायाधीशांच्या शिंकाही नोंदवत आलेली बाई, पेन्सिल खाली ठेवून चहा ओतला. विभाग महिन्याच्या आत सुरू करतो, असे काहीसे ते म्हणाले. वीस जणांना ते वीस तऱ्हांनी आठवते. वहीत त्या तारखेखाली पान कोरे आहे. पुढे विचारायला गेलो तर म्हणाले, "मी असं बोललोच नाही. कुठे लिहिलंय, दाखवा." पत्रकावरच्या त्या दिवशीच्या फोटोत मात्र आम्ही त्यांच्याभोवती दात काढून उभे आहोत आणि खाली छापले आहे: जागरूक नागरिकांचा विश्वास.

सात महिन्यांनी सुनेला कळा सुरू झाल्या. मोठा दवाखाना दीड तासावर. माझी नात गाडीतच जन्मली आणि गाडीतच गेली. आमदारांचा मला संताप येतो, आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त. ते कोरे पान कोणीही फाडू नये.

५. बँकेतली शिल्लक मंडळाला. कागद, छपाई आणि प्रसूती विभागासाठी करायची याचिका यांसाठी. त्यातला एक पैसाही कोणाच्या स्वागतावर घालवू नये. टंकलेखन यंत्रही मंडळालाच; ते मुख्याध्यापकांनी वापरावे. त्यांचे अक्षर पाहता आमचे निम्मे अर्ज सरकारने वाचलेच नसतील, आणि या एका बाबतीत मी सरकारला दोष देत नाही.

६. माझ्या शोकसभेला आमदार येतील आणि मी त्यांना आईसारखी होते असे सांगतील. त्यांना अडवू नये. भरात आले की ते माझ्या नावाने दवाखानासुद्धा जाहीर करतील. बोलायला त्यांचे काय जाते? सुनेने पहिल्या रांगेत वही उघडून बसावे.

हा मजकूर मी तोंडी सांगितला, सुनेने तो लघुलिपीत उतरवून टंकलिखित केला. लाभ मिळणाऱ्यानेच मृत्युपत्र लिहिले की लोक शंका काढतात, म्हणून सही करण्यापूर्वी दोन्ही साक्षीदारांसमोर तिच्याकडून तिच्या वहीतून ते पहिल्यापासून वाचून घेतले. एक शब्द चुकला नाही. नातीचे कलम वाचताना तिचा आवाज अडखळला नाही. सांगताना माझा अडखळला होता, आणि तिने तेही लिहून ठेवले होते.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: शिंपीदादा (सही), मुख्याध्यापक (सही, वाचता येत नाही)

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला रविवार, निवडणुकीला एकेचाळीस दिवस असताना