परत दिलेली सुपारी

ताडकळस,
कार्तिक वद्य पंचमी, फसली १३४७

चिरंजीव किशनरावास मामाचा आशीर्वाद. पोखर्णीच्या नरसिंहाने तुला नांदेडात धड ठेवावे, एवढेच रोज मागतो.

इकडे ज्वारी गुडघ्याला लागली आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. बन्सीधर नांदेडला निघाला आहे, म्हणून त्याच्याच हाती हे पत्र देतो. टपालात टाकायला धीर झाला नाही.

बाजाराच्या दिवशी मी अजून वडाखाली बसतो, पण नुसता सावलीला. तू लहान असताना परभणीचे व्यापारी माल उधारीवर सोडण्याआधी माणसाच्या हाती सुपारी देऊन मला विचारायला धाडीत, अमका कसा आहे? मी सुपारी ठेवून घेई आणि खरे ते सांगे. आता ही पुसणारी कंपनी आली, कोण उधारीच्या लायक ते गावोगाव विचारून व्यापाऱ्यांना लिहून कळवणारी. तिची माणसे साऱ्या मुलखात, समुद्रापलीकडेही. तिने एकदा लिहिले की तेच उत्तर परभणीला, जालन्याला, मुंबईला. मग ताडकळसची वाट कोण धरतो? तुझे सासरे आबासाहेबही चुडाव्यात माझ्यासारखीच माणसांची पारख सांगत; त्यांनी कंपनीला वर्षभर टक्कर दिली. शेवटी तेही कंपनीचे कागद भरू लागले.

परवा दगडाबाई भाजी मांडता मांडता म्हणाली, "दत्तरावमामा, माझी वांगी कशी हायत ते बी आता कंपनीलाच पुसावं का?" सगळे हसले. मीही हसलो.

चुडाव्याला तिच्या माहेरी जाऊन तुझ्या कासाबाईला भेटून आलो. तिला सातवा महिना आहे. तुला कळवू नका म्हणाली होती. त्यात हिवतापाने धरले आहे. भिंतीकडे तोंड करून निजली होती. एवढेच बोलली, "मामा, त्यायला सांगा, माझ्या बापानं काई केलं न्हाई."

तू लिहितोस, मुंबईहून कापडाचे गठ्ठे यायचे बंद झाले, दुकानाला टाळे लागले, ते आबासाहेबांनी कंपनीपाशी तुझ्याविषयी वाईट सांगितले म्हणून. त्या रागात बायकोला त्यांच्या दारात सोडून तू गिरणीत गेलास.

किशनराव, आबासाहेबांना कोणी विचारलेच नव्हते.

विचारले मला. चैत्रात कंपनीचा माणिकराव आला. मुंबईकडचा माणूस, पायात बूट. त्याला कोणी शिकवले असेल, सुपारी घेऊनच आला. म्हणाला, "चुडाव्याचा किशनराव कसा आहे?" रक्ताच्या माणसाविषयी आपण बोलत नाही, सुपारी परत देतो, हे तू जाणतोस. परत मिळाली की विचारणारा समजतो, हा यांच्या घरचा, आता दुसऱ्या दारी जावे. मी ती त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने हसून तोंडात टाकली आणि चघळत निघून गेला.

दुसऱ्या दारी तो गेलाच नाही. कागदावर लिहिले, "जाणत्या माणसाने बोलण्याचे टाळले." मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तेवढेच वाचले आणि तुझे गठ्ठे थांबवले.

मला हे ज्येष्ठात कळले, आबासाहेबांकडून. कागद त्यांच्या हाताखालून गेला होता. तुझ्या तोंडची शिवी ऐकूनही त्यांनी माझे नाव घेतले नाही. आणि मी रोज देवापुढे दिवा लावत राहिलो, पण तुला लिहिले नाही.

गेल्या आठवड्यात परभणीला जाऊन नेम मोडला. माणिकरावाला म्हणालो, "किशन माझ्या बहिणीचा पोरगा हाय. त्याच्यावानी सरळ माणूस ह्या मुलखात न्हाई. लिवा."

तो म्हणाला, "अहो, मामाच ना तुम्ही? घरच्याचा शब्द आम्ही धरत नाही."

त्यांचाही नेम तोच निघाला. देवळात गेलो, पण काही मागायला सुचले नाही.

दुकान काही आता उघडत नाही. ते मी धरून चाललो आहे.

बन्सीधरजवळ एक सुपारी दिली आहे. या वेळी विचारणारा मी आहे. कासाबाईला न्यायला येतोस का? ठेवून घेतलीस तर अमावास्येच्या आत निघ. वैद्य रोज नाडी बघतो आणि रोज काढा बदलतो. तू सुपारी परत धाडलीस, तर मी कुठे जाऊ? तिला दुसरे दार नाही.

तुझ्याविषयी एक शब्द बोलायला उशीर केलेला,
तुझा मामा
दत्तराव