घोड्याचा मधाळ खुराक

२ जानेवारी
लेकीच्या शाळेच्या क्रीडादिनाला घोडा-घोडा शर्यत आहे. बाप घोडा, पोर स्वार. गेल्या वर्षी मी मधेच खाली बसलो होतो. दमून नव्हे, लेस बांधायला. बुटांना लेस नव्हती हा तपशील बायकोने उगाच चारचौघांत काढला. आज लेकीने साफ सांगितलं, यंदा मामाच्या पाठीवर बसणार. मेहुण्याच्या! जिना चढतानाही शिट्टी वाजवणारा माणूस. खूप विनवण्या केल्या, तेव्हा एक संधी मिळाली.

४ जानेवारी
तोडगा सापडला. मध घातलेले ओट्स. ओट्स म्हणजे खास घोड्याचा खुराक. आणि मध मधमाशीचा. जाड मधमाशी कुणी पाहिलीय? खोक्यावर एक माणूस पळतोय. म्हणजे त्याने आधी खाल्लं, मग पळाला. क्रम महत्त्वाचा.

५ जानेवारी, सकाळी ६
गजर वाजला. बंद केला. खुराक अंगी लागायच्या आत पळणं अशास्त्रीय.

७.३०
खोक्यावर ‘एक वाटी घ्या’ लिहिलंय. केवढी, ते नाही. कुकरचं भांडं घेतलं.

१२ जानेवारी
बायको म्हणते, कंपनीने मधाचं बोट दाखवलं आणि तुम्ही कोपरापर्यंत हात चाटताय. मत्सर.
पँट घट्ट झाली. मांड्यांत ताकद उतरतेय. घट्ट पोटाशीच झालीय म्हणा, पण ताकद उतरताना वाटेत पोट लागणारच.

१९ जानेवारी
मेहुणा आला. लेकीला पाठीवर घेऊन दोन मजले धावत चढला. तिने टाळ्या पिटल्या. नवखा घोडा, सगळा दम आजच घालवला. मी खालच्या पायरीवर बसून त्याच्या चुका पाहिल्या. त्याने विचारलं, काय भावोजी, सराव सुरू का नाही, घोडं कुठं पेंड खातंय? म्हटलं, पेंड नाही, ओट्स. सगळे का हसले, कळलं नाही.

२४ जानेवारी
लेकीलाही खुराक सुरू केलाय. स्वार आणि घोड्याचं एकमत हवं. तिला इतका आवडला की उरलेलं खोकं तिनेच संपवलं.
संध्याकाळी सराव. ती पाठीवर बसली. मी उठायचा विचार केला. विचार चांगला होता. ती उतरल्यावर बायकोने मला उठवलं. लेकीने हळूच विचारलं, बाबा, मामाला सांगू का? म्हटलं, अगं, घोडामैदान जवळच आहे. म्हणाली, म्हणून तर विचारतेय.

२ फेब्रुवारी, क्रीडादिन, सकाळी
पळायचा दिवस, म्हणून नव्या खोक्यातली दोन भांडी. यंदा मुद्दाम लेसचे बूट. बायकोने बांधून दिले. गाफील राहणाऱ्यांतला मी नव्हे.

संध्याकाळी
शिट्टी झाली. सुरुवात झकास. बाकीचे घोडे बेशिस्तपणे पुढे पळाले. मग लेस बांधायला बसलो. गेल्या वर्षी लेसच नव्हती, यंदा मेली सुटेना.
मेहुणा कडेला राखीव उभा होता, स्पोर्ट्स शूज घालून. धावत आला, पाठ वाकवून म्हणाला, ये गं, चढ पटकन. लेकीने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि माझी बाही धरून मला चालवत रेषेपर्यंत नेलं. तोवर शाळेचा माळी शर्यतीचा दोर गुंडाळत होता.
घरी आल्यावर बायकोला ऐकवलं, बघ, पोरीचा विश्वास बघ, मामाच्या पाठीवर नाही गेली. लेक म्हणाली, गेले असते, पण मग तुला कुणी आणलं असतं?
बूट अजून पायातच आहेत. गाठ सोडायला वाकलो की हातांआधी पोट पुढे होतं. लेकीला हाक मारलीय.